भामाबाईंचं कपाळ

१ ऑक्टोबर १९५६, सोमवार

आज दुकानात खरं काम आलं. अण्णा जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून सुलतान बाजारातल्या आमच्या या दुकानात देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि लोकांच्या पोरांची प्रशस्तिपत्रकं यांपलीकडे काही येत नव्हतं. जुनी तैलचित्रं दुरुस्त करण्याची विद्या अण्णांबरोबरच गेली, असा लोकांचा समज. इतकी वर्षं बापाच्या शेजारी बसून मी काय लसूण सोलत होते?

चित्र बरकतपुऱ्याच्या प्रतापरावांच्या आईचं आहे. भामाबाई. त्या वारून बरीच वर्षं झाली. वडील, आबासाहेब, अजून आहेत. प्रतापराव महसूल कचेरीत हेडक्लार्क. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, असं तातेराव सांगत होते. श्रावणात प्रतापराव एकदा आरशाची चौकट करून घ्यायला आले होते. मग ती ढिली झाली म्हणून दोनदा आले. तातेराव अण्णांच्या वेळेपासूनचे सुतार. त्यांनी ठोकलेली चौकट आजवर कधी ढिली झाली नव्हती, त्यामुळे त्यांना तो फार अपमान वाटला होता. आज मात्र प्रतापरावांना पाहून ते गालातल्या गालात हसत होते. माणसाचा काही नेम नाही.

"एक तारखेला मला औरंगाबादला हजर व्हायचंय," प्रतापराव म्हणाले. "त्याआधी झालं पाहिजे. जमेल ना, सत्यवतीबाई?"

जमेल म्हटलं. न म्हणून सांगते कुणाला? एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन जो तो आपापल्या भाषेकडे जाणार. दादाची नेमणूक नांदेडला झाली आहे, वहिनीने भांड्यांची पोती शिवायला घेतली आहेत. मलाही चल म्हणतात. म्हणजे आयुष्यभर दादाच्या स्वयंपाकघरात. मी इथेच राहणार, दुकान चालवणार, मागच्या दोन खोल्या मला पुरेत, असं मी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "अण्णांचं काम तुला जमतं हे एकदा दाखव. मग जागेची भाडेचिठ्ठी तुझ्या नावाने करून देतो. नाहीतर मुकाट्याने गाडीत बस." तेव्हा हे चित्र म्हणजे माझी परीक्षाच आहे.

५ ऑक्टोबर

चौकट सोडवली. कोपऱ्यातली द्राक्षाची पानं तुटली आहेत आणि कुणीतरी सोनेरी वर्खावर पितळेला लावायचा रंग फासला आहे. तातेराव शिव्या देत खरवडत बसले आहेत.

चित्राची दशा त्याहून वाईट. वर्षानुवर्षं उदबत्तीचा धूर, निरांजनाची काजळी, आणि चकाकी यावी म्हणून खोबरेल तेलाचा हात. चित्राला खोबरेल लावणारं माणूस मला एकदा भेटलं पाहिजे. कपाळावर कुंकवाचा जाड थर. दरवर्षी अविधवा नवमीला ह्या चित्राला हळदकुंकू वाहतात. सवाष्ण गेल्या ना. यंदाची नवमी आत्ताच झाली, त्यामुळे वरचा थर ताजा आहे, बोटाला लागतो. चित्रातलं मूळ कुंकू त्याच्याखाली कुठेतरी असेल.

कडेपासून सुरुवात केली. कापसाचा बोळा, थोडं टर्पेंटाइन, त्यात स्पिरिटचे थेंब. बोळा चहासारखा होऊन निघतो. दुपारी प्रतापराव डोकावून गेले. कचेरीला जाताना वाट इथूनच पडते म्हणे. बरकतपुऱ्याहून नामपल्लीला जाताना सुलतान बाजार लागतो हे खरं, पण आमची गल्ली लागत नाही.

९ ऑक्टोबर

लुगडं साफ झालं आणि मी चक्रावले. प्रतापराव सांगत होते, आईचं ते पिवळं रेशमी लुगडं. पिवळं कसलं, जुन्या रोगणाचा पिवळेपणा होता तो. खाली लुगडं पांढरं निघालं. साधं सुती, बारीक किनारीचं. गळ्यात काही दिसत नाही, पदर अंगभर घेतलेला. वय जेमतेम वीस-बावीस. चेहरा असा की आत्ता काहीतरी उलट बोलेल. मला आवडली बाई.

चित्रकार कुणी साहेब असणार, खाली वेडीवाकडी इंग्रजी सही आहे. साहेब लोकांना पांढऱ्यावर पडलेला उजेड रंगवायची हौस. मराठ्याच्या घरातली नवी सून पांढरं नेसून बसवली, आणि घरच्यांनीही बसू दिली. धन्य.

प्रतापराव आले होते. त्यांना अर्धं साफ झालेलं चित्र दाखवणार नाही असं मी सांगितलं. तर म्हणाले, "मग नका दाखवू," आणि तरी बसले. आमच्या दुकानात बसायला एकच स्टूल, तेही डुगडुगतं.

११ ऑक्टोबर

तातेराव आज नागपूरला गेले. दसऱ्याला तिथे बाबासाहेब धर्म बदलणार, तेव्हा तातेराव आई कोंडाबाईंना घेऊन निघाले आहेत. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नाही, पण म्हणाली, "दिसायचं काय, तिथं असायचं हाय मला." तातेरावांनी जाताना चौकटीची तुटलेली पानं खडू-सरसाच्या लगद्याची नव्याने ओतून वाळत ठेवली आणि मला बजावलं, "ताई, हात लावू नगा. आनि जल्दी करू नगा."

त्यांच्याशिवाय दुकान ओकंबोकं वाटतं.

१३ ऑक्टोबर, शनिवार

घात झाला.

सकाळी कपाळ घेतलं. कुंकवाचा वरचा थर सहज निघाला. त्याखाली जुना, तेलात मुरून दगड झालेला. स्पिरिट थोडं वाढवलं. बोळा लाल, पुन्हा लाल. मी आपली काढतेय, की हे सगळं वाहिलेलं कुंकू, खालचं रंगवलेलं लागलं की थांबू. आणि मग बोळ्यावर लाल आलंच नाही. खाली नुसतं गोरं कपाळ. कुंकू कुठेच नाही.

चित्रकाराने रंगवलेलं कुंकू मी पुसलं. दुसरं काय असणार? कोणत्या थरापाशी एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते मला कळलंच नाही. जल्दी करू नका म्हणाले होते तातेराव.

नवरा जिवंत असलेल्या, अहेवपणी गेलेल्या बाईचं कुंकू. आणि पुसलं कुणी, तर मी. टायफॉइडने नवरा गेला तेव्हा एकोणीसची होते. त्या दिवशी सासरच्या बायकांनी माझं पुसलं ते मला अजून आठवतं. उद्या बाजारात काय बोलतील ते मी आत्ताच ऐकू शकते. विधवेच्या हातात सवाष्णीचं चित्र द्यावंच का? दादा तर म्हणेलच, चल नांदेडला.

चित्रावर चादर टाकली. जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

दादा दुकानाची हत्यारं पुजायला आला. करवत, रंधा, कुंचले, अण्णांचं भिंग. मी मागे उभी. चादरीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "चेहऱ्यापर्यंत." खोटं नव्हतं.

तो गेला आणि प्रतापराव सोनं घेऊन आले. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, यांना संशय आला. रोज उठून येतात ते उगीच नाही, आईच्या चित्राचं काय चाललंय यावर डोळा ठेवायला येतात. मी चादरीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले.

"तुमची तब्येत बरी नाही का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"चित्राची जल्दी नाही तशी."

"तुम्हीच तर एक तारीख सांगितलीत," मी जरा तोडूनच बोलले. ते थोड्या वेळाने गेले. सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

देवा, सुटले.

दोन दिवस चित्राकडे बघायचं धाडस झालं नाही. आज मनाशी म्हटलं, पुसलंस तर किती पुसलंस ते तरी बघ. मागच्या दारात सकाळचं तिरपं ऊन येतं तिथे चित्र आडवं धरलं आणि अण्णांचं भिंग घेतलं. रंग खरवडला गेला असता तर तिथे खळगा दिसला असता, खालचं कापड डोकावलं असतं. काहीच नाही. चित्रकाराच्या कुंचल्याची ओढ एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत सलग गेली आहे, मधे कुठे थांबलेली नाही. जुन्या रंगाला पडलेल्या बारीक भेगाही तशाच सलग. पुन्हा पुन्हा पाहिलं.

मी काही पुसलेलं नाही. तिथे कुंकू कधी रंगवलेलंच नव्हतं. होतं ते सगळं वाहिलेलं.

जमिनीवर बसून मी पोटभर रडले आणि मग सकाळचा गार झालेला उपमा सगळा खाल्ला. माझा हात चुकला नाही, अण्णा.

१७ ऑक्टोबर

काल आनंदात एक गोष्ट सुचलीच नाही. मला कळलं, पण लोकांना कोण सांगणार? प्रतापरावांनी जन्मभर आईच्या कपाळावर लाल पाहिलंय. त्यांना मी भिंग दाखवून म्हणू, तुमच्या आईला कुंकूच नव्हतं? हे तर पुसण्याहून वाईट. साहेब चित्रकार विसरला असेल म्हणावं, तर ज्याने पापणीचे केस रंगवले तो कुंकू विसरेल?

एक सोपी वाट आहे. हिंगूळ घोटून लाल रंग करायचा, बारीक कुंचल्याने एक टिकली द्यायची, वरून रोगण. कुणाच्या बापाला कळणार नाही. भाडेचिठ्ठी माझी.

१९ ऑक्टोबर

तातेराव आले. पांढरे कपडे, डोळे जागरणाने लाल, आणि चेहरा असा की मी कधी पाहिला नव्हता. तिथल्या गर्दीचं सांगत होते. कोंडाबाईंनी घरी येताच भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवायला लावल्या. चौकटी तातेरावांनी स्वतःच कधीकाळी केलेल्या, तेव्हा त्यांतल्या एकीत ते आता बुद्धाचं चित्र बसवताहेत. आमच्याच दुकानात, दुपारच्या सुट्टीत.

"जड नाही गेलं, तातेराव?"

"गेलं की. हातानं लावलेल्या हुत्या." त्यांनी काच पुसली, फुंकर मारली. "पन आता हलकं वाटायलंय, ताई. लई हलकं."

मग मी चादर काढली आणि सगळं सांगितलं. टिकलीचंही सांगितलं. त्यांनी भिंग लावून कपाळ पाहिलं.

"तुम्ही मालकीण हाव. लावा म्हनलं तर लावा," ते म्हणाले. "पन बाईनं बसताना लावलं नव्हतं, असं दिसायलंय. मग आपन कोन लावनार?"

मी कुंचला घेतला होता, बशीत रंगही घोटला होता. पण त्या बाईच्या कपाळाला टेकवेना. माझ्या कपाळाचं काय करायचं ते दहा जणींनी ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. हिच्या बाबतीत मी अकरावी व्हायचं? बशी धुऊन टाकली.

जाताना तातेराव म्हणाले, "बरकतपुऱ्याच्या साहेबांची ये-जा लई हाय म्हनं, मी नसताना." मी म्हटलं, संशय आलाय त्यांना. त्यावर हा माणूस इतका हसला की खिळे सांडले. नागपूरहून आल्यापासून त्यांना कशाचंही हसू येतं.

२२ ऑक्टोबर

प्रतापरावांना सांगितलं, चित्र झालंय, पण आधी आबासाहेबांनाच दाखवीन. कारण विचारलं नाही त्यांनी. फक्त म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." असा सरळ माणूस उद्या माझं तोंड बघणार नाही, या विचाराने वाईट वाटलं. का वाटावं, कोण जाणे. गिऱ्हाईक म्हणून येणार, औरंगाबादला जाणार.

दादा म्हणाला, मीही येतो बघायला. ये म्हटलं. व्हायचं ते एकदाच होऊ दे.

२४ ऑक्टोबर, बुधवार

सगळं लिहिते, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आबासाहेब काठी टेकत आले. एका बाजूला प्रतापराव, दुसऱ्या बाजूला तातेराव. आजपर्यंत डुगडुगणारं स्टूल तातेरावांनी सकाळीच ठोकून ठेवलं होतं. दादा दाराशी. मी आधी बोलून घेतलं. म्हटलं, "आबासाहेब, वरचं वाहिलेलं कुंकू निघालं. खाली रंगवलेलं नव्हतं. मी काही पुसलेलं नाही. पण तुम्हाला खोटं वाटलं तर दोष माझा." आणि चादर काढली.

प्रतापराव एकदम पुढे सरकले. दादाने कपाळाला हात लावला. आबासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"हीच," म्हातारबा म्हणाले. "हौ, हीच. अशीच बसली हुती."

मग ते थांबत थांबत बोलले, तशाच बोलीत. "प्रताप, तुला मालूम नाही. तुझ्या मायचं पहिलं लग्न लहानपणी झालं हुतं. तो पोरगा पटकीनं गेला. बापानं हिला हितं मेमच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला ठिवली. त्या मेमचा भाऊ चित्रं काढायचा. त्याला जरा वेळ गप बसणारं माणूस पायजे हुतं, आन् ही बसली. मी पायाला गळू झालं म्हणून गेलतो दवाखान्यात. गळू बरं झालं तरी मी जायलोच."

दादाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात दाबलं.

"आर्य समाजात लग्न लागलं, हितंच, सुलतान बाजारात. गावाकडं वर्षभर कुणी पाणी दिलं नाही आम्हाला. मेमनं हे चित्र आहेर दिलं. माझी माय म्हणाली, सुनेला घरात घेते, पण हे पांढरं कपाळ भिंतीवर नको. तिनं बोटानं कुंकू लावलं. मग दर सणाला लावत गेली. भामा हसायची. म्हणायची, ह्या बाईला लावून काय उपयोग, लग्न तर माझं झालंय." त्यांनी नाक शिंकरलं. "माय गेली, भामा गेली. मग नवमीला लावायची रीतच पडली. मी बोललो नाही. पोराला कशाला परेशान करा. पण ही जी मी पयल्यांदा बघितली ना, ती कुंकवाखाली दबून गेली हुती. पोरी, तू काढलीस वर."

माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

मी घाईने कामाचं बोलायला लागले. औरंगाबादच्या प्रवासात धक्का लागू नये म्हणून लाकडी खोकं करून देऊ, म्हटलं. "कुणाच्या प्रवासात?" आबासाहेबांनी विचारलं. प्रतापरावांनी लगबगीने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. म्हातारपणी असा विसर पडतोच.

प्रतापराव जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आईबद्दल असं सगळ्यांसमोर कळलं, राग आला असेल.

२७ ऑक्टोबर

भाडेचिठ्ठी माझ्या नावावर झाली. दादा स्वतः घरमालकाकडे गेला. येऊन म्हणाला, "सत्यू, म्हातारा काय बोलला ते ऐकून मला अण्णांची आठवण झाली. तू राहा. दिवाळीला मात्र येत जा." वहिनीने पोत्यातून दोन पातेली आणि तवा काढून माझ्यासाठी ठेवला. आम्ही दोघी एकदम रडलो, नेहमी भांडणाऱ्या.

इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तरी एक गोष्ट बोचते आहे. प्रतापराव तीन दिवस फिरकले नाहीत.

३० ऑक्टोबर, मंगळवार

प्रतापराव चित्र न्यायला आले. चौकटीचा वर्ख असा झळकतो आहे की तातेराव दर थोड्या वेळाने लांब जाऊन बघत होते. चित्र पाहून झालं तरी प्रतापराव उठेनात. तातेरावांना अचानक खिळे आणायला बाजारात जायचं सुचलं, दुकानात खिळ्यांचा डबा भरलेला असताना.

मी विचारलं, "परवा कितीची गाडी?"

"कसली?"

"औरंगाबादची."

ते चित्राकडे बघत म्हणाले, "मी जात नाही. मी हैदराबादची पसंती उन्हाळ्यातच लिहून दिली होती. मंजूरही झाली."

मग असा संताप आला की बोलायची सोय नाही. "मग एक तारीख, एक तारीख म्हणून माझा जीव काढलात तो कशाला? बोटं सोलून निघाली माझी. त्या घाईने मी कपाळावर काय केलं म्हणून तीन दिवस मेले होते. चित्राला घाई कसली होती?"

"चित्राला नव्हती," ते म्हणाले. "तातेराव म्हणाले होते, तुम्हाला एक तारखेला नांदेडला नेणार. एखादं मोठं काम हातून झालं तरच राहता येईल. आमच्याकडे हेच एक मोठं चित्र होतं."

मी खाली बसले. त्या आरशाची चौकट आठवली, ती गल्ली, ते स्टूल, आणि ज्याला मी संशय म्हणत होते ते सगळं.

"मग विचारलं का नाहीत?"

"आबा काय म्हणतील याची भीती होती. विधवा सून घरात..." ते थांबले. "त्या दिवशी दुकानातून घरी जाताना रिक्षात आबा मला म्हणाले, मी गळू बरं झालं तरी जायलो, आन् तू तीन महिने झाले आरसा घेऊन फिरायलास. तुझी माय असती तर तिनं तुला काठीनं मारलं असतं."

मला हसू फुटलं. थांबेना. त्यांनाही फुटलं. बाहेर कुणाच्या तरी पायांत खिळे सांडल्याचा आवाज आला, म्हणजे बाजार दाराबाहेरच होता.

"दुकान मी सोडणार नाही," मी म्हटलं.

"सोडू नका. म्हणून तर चित्र आणलं."

बाजारातले लोक, गावाकडचे लोक, वहिनीचं माहेर, सगळे डोळ्यांसमोरून गेले. बोलतील ते. बोलू देत. मला भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच नाही. फक्त बरं वाटत होतं, फार बरं.

मी म्हटलं, "दादाची गाडी परवा सकाळची आहे, काचीगुड्याहून. त्याच्याशी बोलायचं असेल तर उद्या घरी या. आणि या वेळी खरंच जल्दी करा."